दोन बाजूंचा फळा

मित्रांनो, थोडा वेळ एक लांबट खोली मनात आणा. वर कौले, पूर्वेला दार, पश्चिमेला एक खिडकी. खोलीच्या मधोमध एक लाकडी फळा उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना विद्यार्थी बसले आहेत. एका बाजूला पहिलीची पोरे, दुसऱ्या बाजूला मिसरूड फुटलेले तरुण. तो फळा म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे आणि माझ्यावर मिरच्या वाळत घालतात. पण तेव्हा माझे दिवस कामाचे होते.

माझे लाकूड सातपुड्यातल्या सागाचे. शहाद्याच्या मगन मिस्तरींनी मला घडवले आणि चौकटीत दोन लोखंडी दांड्यांवर असे टांगले, की वरची कड ओढली तर मी उलटा फिरत असे. हवा तेवढा कलता करून खुंटी लावली की मी तिथेच थांबे. मग काजळी आणि जवसाचे तेल चोळून त्यांनी मला दोन्ही बाजूंनी काळा केला.

मला नेले ते कळसाडीच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेत. तिथे मास्तर एकच, हिंमतराव. सातवी पास झालेल्या मुलांना मास्तरकी शिकायची तर धुळ्याला जाऊन राहावे लागे, आणि ते फार थोड्यांना जमे. म्हणून हिंमतरावांनी वरच्या साहेबांच्या मागे लागून आपल्याच शाळेत मास्तरकीचा वर्ग मंजूर करून घेतला. वर्ग मिळाला. दुसरा मास्तर, दुसरी खोली, दुसरा फळा मात्र मिळाला नाही.

मग माझ्या पश्चिमेकडे हिंमतराव थोरल्यांना शिकवू लागले आणि पूर्वेकडे थोरल्यांपैकी एक जण पहिलीला. पोरांना गुरुजी मिळाले, थोरल्यांना सराव मिळाला.

पहिलीकडे बहुधा रूपसिंग असे. तो काठी गावाकडचा, डोंगरातला. त्याच्या घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. पोरांची अहिराणी तर त्याला पोरांनीच शिकवली. तो चुकला की ती हसत आणि म्हणत, "गुरुजी, आसं नई म्हणतस." त्याच्या पाड्यावर शाळा नव्हती. मास्तर होऊन तिथे शाळा काढायची, एवढेच त्याच्या मनात होते. हा वर्ग बंद पडला असता तर त्याला दुसरी वाट नव्हती.

खडूंची नेहमीच टंचाई. म्हणून पहिलीचा धडा पुसायचा नाही, असा रिवाज पडला. 'नदीला पूर आला. बैल बांध. घरी चल.' ही अक्षरे माझ्या अंगावर पावसाळाभर राहिली. रूपसिंग पोरांकडे तोंड करून उभा राही आणि छडी पाठीमागे माझ्यावर टेकवी. कारण त्याची नजर हटली की पोरे गडबड करत आणि पलीकडे मास्तरांचे बोलणे बुडून जाई. मास्तरांना इकडचे दिसत नसे, ते कान देऊन असत. सूर एकसारखा लागला की ते निर्धास्त होत.

धनु नावाची एकच मुलगी सर्वांच्या मागून म्हणे. शेजारी बसणारा बाज्या तिला बैलगाडी म्हणून चिडवी. रूपसिंगने तिला शेवटच्या रांगेत बसवले होते.

दिवाळीआधी शाळा तपासायला साहेब आले. एका मास्तराला दोन वर्ग झेपत नसतील तर मास्तरकीचा वर्ग बंद करावा लागेल, हे त्यांनी दारातच सांगितले. मग ते पोरांमागे खुर्ची घेऊन बसले आणि रोजच्यासारखे चालू द्या म्हणाले. माझ्यावर ऊन चमकत होते. फळा जरा कलता कर, असे त्यांनी रूपसिंगला सांगितले. रूपसिंगने खुंटी काढली. त्याच्या घामेजल्या हातातून मी निसटलो आणि पुरता उलटलो. तो इतका घाबरलेला होता, की त्याने तशीच खुंटी लावली आणि पोरांकडे वळला. पोरांच्या समोर आता थोरल्यांची बाजू होती, तीही खाली डोके वर पाय. पलीकडे मास्तरांच्या समोर पूर आलेली नदी उलटी येऊन उभी राहिली. त्यांच्या हातातला खडू हातातच राहिला.

रूपसिंगने छडी मागे टेकवली आणि वाचायला सांगितले. "नदीला पूर आला. बैल बांध," पोरांनी नेहमीचा सूर धरला. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पोरांकडे. धनु गप्प होती. तुला येत नाही का, असे त्यांनी तिला विचारले.

"आठे नदी नई शे," धनु म्हणाली. म्हणजे, इथे नदी नाही.

तेव्हा रूपसिंगने मागे वळून पाहिले. त्याच्या हातातली छडी खाली आली.

मग काय आहे, साहेबांनी विचारले. धनु उठली, माझ्याकडे पाठ करून वाकली आणि दोन पायांमधून मागे पाहू लागली. बाज्या खिदळला. ती एकेक अक्षर जुळवत गेली. "ध… डा. धडा. क… सा. कसा. शि… क… वा… वा." पुढच्या ओळीत जोडाक्षर होते. तिथे ती सरळ झाली. "हाई माले येत नई."

 साहेबांनी हिंमतरावांना अलीकडे बोलावले. "आता तुम्हीच सांगा. हिच्यासाठी वर्ग चालू ठेवू, की बाकीच्यांसाठी बंद करू?"

"साहेब, मला इकडचं फक्त ऐकू येतं," मास्तर म्हणाले. "सूर चांगला होता. मी तेवढ्यावर राहिलो." आणि मग रूपसिंगकडे बोट करून म्हणाले, "पण हिला याच पोरानं शिकवलंय."

साहेबांनी होळीपर्यंत मुदत दिली. पुन्हा येईन, त्या वेळी मी स्वतः लिहीन आणि तेच पोरांनी वाचायचे, एवढे सांगून ते निघून गेले.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असे तुम्हाला नेहमी सांगतात. मीही तेच सांगतो. पण फळा न पुसता ठेवणे म्हणजे त्याला जपणे नव्हे. मला ओल्या फडक्याने रोज पुसावे आणि मग रोज वापरावे.

साहेबांची मोटार गेली तरी खोलीत कोणी हलत नव्हते. धनुने खिडकीतले फडके उचलले आणि ती माझ्या पलीकडे, थोरल्यांच्या बाजूला गेली. पहिलीचे पोर तिकडे कधी जात नसे. मी अजून उलटाच होतो, म्हणून तिने आधी खालची नदी पुसली, मग बैल. वर गेलेल्या घरापर्यंत तिचा हात पोचेना, तेव्हा कोणाला न विचारता ती मास्तरांच्या खुर्चीवर चढली.