पिनेच्या खाचेतली किल्ली

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये एक लाकडी पेटी होती आणि त्या पेटीचा एक कायदा होता. टायमिंग बेल्ट बदलताना इंजिन आतून फिरू नये म्हणून खालून एक पोलादी पिन घालावी लागते. पेटीत त्या पिनेसाठी खाच कोरलेली होती. पिन बाहेर निघाली की खाचेत त्या गाडीची किल्ली ठेवायची, आणि पिन परत येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. कायदा मिस्त्रींनीच केलेला. चाळीस वर्षांत तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती, लेकीचीसुद्धा.

तो मोडला बेल्ट बदलायला गाडी टाकून गेलेल्या नर्सबाईंनी, आणि बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता. दुपारपाळीला निघालेल्या बाई घरची दुसरी किल्ली घेऊन आल्या, "झालं ना काका?" म्हणत थेट सीटवर बसल्या आणि किल्ली फिरवली.

टक. पुढे काही नाही.

"काका, काय झालं?"

"थांबा हो, बघतो," मिस्त्री म्हणाले, आणि बॉनेट उघडायला धावले.

त्याला कारण होतं. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून एका गाडीचा ऑइलचा बोल्ट सैल राहिला होता. ते स्वतःवरच्या रागाच्या भरात बोलून बसले, "पुन्हा चूक झाली तर पान्याला हात लावणार नाही!" बोलायला काय जातंय? तेव्हापासून रोज एकेक बोल्ट तीनतीनदा चाचपत होते. आजचा बेल्टही लेक बाजारात सुटे भाग आणायला गेल्यावर एकट्याने, हट्टाने बसवला होता.

त्यांनी बॅटरीच्या तारा आवळल्या. टक. दिवे लावून पाहिले, लख्ख लागले. तारा पुन्हा आवळल्या. ये रे माझ्या मागल्या, टक! स्टार्टरला हातोडीने दोन हळूच टोले दिले. त्याने ते निमूट खाल्ले, पण इंजिन काही हलेना. मग मोठा पाना लावून हाताने फिरवायला गेले, तर ते केसभर सरकून थांबलं. बेल्ट एक दात चुकला? खुणा तर बरोबर जुळत होत्या. आत काही अडकलं? बसवल्यावर हाताने दोन फेरे फिरवून बघितले होते ना? बघितले असणारच. नसतील तर?

आणि पिन? पिन तर काढली होती. निळ्या फडक्याने पुसून खाचेत ठेवली होती, डोळ्यांसमोर दिसत होतं.

त्यांनी तारा तिसऱ्यांदा आवळल्या, कारण दुसरं काय करावं तेच कळेना. हे इंजिन त्यांनी शेकडो वेळा उघडलं होतं, आणि आज ते परक्यासारखं बघत होतं. मिस्त्री घाबरले. गाडीला नव्हे, स्वतःच्या डोक्याला घाबरले.

तेवढ्यात लेक आली. बापाचा चेहरा पाहून तिने हातातले सुटे भाग खाली ठेवले. एकदा गाडीखाली सरपटली, बाहेर आली, बॉनेटमध्ये वाकून उगाच खुडबुड केली, मग पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं.

"बाई, मारा किल्ली आता."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. नर्सबाई हात हलवत निघून गेल्या.

"बॅटरीची तार ढिली होती, बाबा," लेक हात पुसत म्हणाली. "एवढंच."

"अस्सं होय!" मिस्त्रींच्या जिवात जीव आला. ते हसत पाने आवरायला पेटीपाशी गेले आणि झाकण उघडलं.

खाचेत किल्ली होती. गाडी निघून गेली होती आणि तिची किल्ली इथे पडली होती.

ते किल्लीकडे बघत राहिले. मग खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. पांढरं होतं. निळं फडकं शनिवारचं, एका टॅक्सीचा बेल्ट बदलला तेव्हाचं. डोळ्यांसमोर दिसत होती ती पिनही शनिवारचीच.

"पिन दे," ते म्हणाले.

लेकीने खिशातून पिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. इंजिनातच राहिल्यामुळे स्टार्टरचा मार खाऊन ती जराशी वाकली होती. मिस्त्रींनी किल्ली उचलली आणि पिन खाचेत बसवून पाहिली. बसेना.

"बाबा, तार खरंच ढिली होती."

"पोरी, तार मी तीनदा आवळली होती," मिस्त्री म्हणाले. "तेवढं मला आठवतंय."

मिस्त्रींनी हातातली किल्ली तिला दिली. "ही बाईंना पोचती कर." मग कमरेची आपली गॅरेजच्या शटरची किल्ली सोडवली आणि स्वतःच्या हाताने त्या रिकाम्या खाचेत ठेवली.