एका सुपारीच्या दोन फोडी

"साहेब, तुमचे दात एवढे पांढरेशुभ्र कसे हो?"

थेक्लाने एका दमात विचारून टाकलं आणि मागच्या रांगेतल्या मैत्रिणीकडे, रेजिनाकडे ऐटीत पाहिलं. हरलीस पैज! सभेत हशा पिकला. पॅसिफिकमधल्या ह्या बुगनविल बेटावर म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांचे दात सुपारीने लाल. अध्यक्षपदाला उभे राहिलेले पायस तोरेमाना मात्र टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे हसत होते.

"घासतो रोज, पोरी! पण आज तुझ्या आईबरोबर सुपारी खाणार. दात गेले खड्ड्यात!"

टाळ्याच टाळ्या.

मग भाषण. शांतता हे पीक आहे, ते पेरावं लागतं. शेती हा देशाचा कणा. खरा नेता तोच, ज्याच्या नखांत माती असते. थेक्लाने त्यांची स्वच्छ नखं पाहिली. मग मंडपाच्या कडेला आडवी पडलेली आईची कोकोची झाडं पाहिली, फळांनी लगडलेली. मंडपाला जागा हवी म्हणून सकाळी ह्यांच्याच माणसांनी तोडली होती. तिचं तोंड कडू झालं. पण आजचा दिवस आईचा होता.

बेटावरच्या यादवी लढाईच्या दिवसांत तोरेमानांच्या टोळीने लिनसमामाला मारलं, थेक्लाच्या जन्माआधी. तेव्हापासून आईने त्यांचं नावही घरात घेऊ दिलं नव्हतं. आज ती समेटाला तयार झाली होती. एकाच सुपारीच्या दोन फोडी दोघांनी चावायच्या, तोंडं रंगली की एकाच दगडावर थुंकायचं आणि तो दगड तिथेच, आईच्या जमिनीत पुरायचा. लाल लाळ एक झाली की वैर मिटलं.

चुन्याचं भांडं धरून थेक्ला दोघांच्या मधोमध उभी होती. आईने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. चावता चावता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. साहेबांनीही टाकली. फोटो निघाले. मग साहेब खोकले, रुमाल तोंडाशी गेला. खाली आला तेव्हा त्यात अख्खी फोड होती, दातही न लागलेली.

आई दगडावर थुंकली. लालभडक.

साहेब थुंकले. पांढरं.

शी! लोकांना दिसल्या त्या फक्त फोटोवाल्यांच्या पाठी. आईने ओले डोळे पुसून उघडेपर्यंत माती लोटली गेली.

"मिटलं एकदाचं," संध्याकाळी रताळं सोलत बाबा म्हणाले. "मोठ्या मनाचा निघाला हो माणूस."

"लिनस आता शांत निजेल," आई म्हणाली.

थेक्लाने हातातला घास खाली ठेवला. मग तिने सगळं सांगितलं. रुमाल, फोड, पांढरी थुंकी.

"हळू बोल!" बाबांनी दाराकडे पाहिलं. "उद्या अध्यक्ष होईल तो. तुला नसत्या उठाठेवी कशाला?"

 आईने बोटाने ओठ पुसला. बोट अजून लाल होत होतं.

"आई, बाबा, ऐका. आपल्याकडे जमीन आईकडून लेकीला जाते. म्हणजे पुढे ती माझीच," थेक्ला म्हणाली.  "सकाळी मी तो दगड उकरून काढणार आहे. त्याला खरंच सुपारी चावायची असेल, तर येऊ दे परत. फोटोवाल्यांशिवाय."