बसवून ठेवू नये

मसुदेबाईंनी सरकारी नोकरीत आयुष्यभर कागदावर कागद काळे केले, पण हे माझं, असं छातीवर हात ठेवून सांगावं असं वाक्य त्यांच्या हातून एकच उतरलं. "कोणत्याही कार्यालयात नागरिकांना बसवून ठेवू नये." शेंबड्या पोरालाही कळेल असं. आणि नेमक्या त्याच वाक्यानं त्यांना तोंडघशी पाडलं.

त्यांचं खरं नाव खात्यात कुणी घेत नसे. धोरण कुठलंही असो, पहिला मसुदा त्यांनीच करायचा, म्हणून त्या मसुदेबाई. मसुदा तयार झाला की त्यावर एकेक हात फिरे. वित्तवाले 'उपलब्ध तरतुदीच्या अधीन राहून' घालत, नियोजनवाले 'टप्प्याटप्प्याने' घालत, आणि कुणीतरी हमखास 'शक्यतो' घाले. हा 'शक्यतो' मसुदेबाईंच्या डोक्यात जाई. शक्यतो म्हणजे नाहीच, हे सरकारात सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त म्हणायचं कुणी नाही.

तर हे वाक्य मुळात त्यांच्या आईचं. वडील गेल्यापासून त्यांची पेन्शन आईला मिळे, आणि त्यासाठी दर वर्षी आईला कचेरीत जाऊन आपण हयात आहोत हे दाखवून यावं लागे. सकाळी गेलेली आई दिवेलागणीला परत येई आणि चपला काढता काढता म्हणे, "जिवंत आहे हे सांगायला जाते, आणि येताना अर्धमेली होऊन येते. दिवसभर बसवून ठेवलं मेल्यांनी!"

म्हणून 'नागरिक सुलभ सेवा धोरण' लिहायची वेळ आली तेव्हा मसुदेबाईंनी हट्टच धरला. जुन्या मसुद्यात होतं, 'अभ्यागतांच्या प्रतीक्षा कालावधीचे सुसूत्रीकरण करणेबाबत यथोचित कार्यवाही करण्यात यावी.' त्यांनी ते खोडलं आणि आईचं वाक्य लिहिलं.

बैठकीत कायदा सल्लागार खुर्चीत पुढे सरकले. खात्यात त्यांना स्वल्पविराम म्हणत, कारण त्यांच्यापाशी आलेली प्रत्येक गोष्ट थोडी थांबूनच पुढे जाई.

"बाई, 'बसवून ठेवणे' याची व्याख्या काय?"

"अहो, व्याख्या कसली? ताटकळत ठेवू नये. आलेल्याचं काम करून मोकळं करावं."

"मग तसं लिहा."

"तसंच लिहिलंय!"

"हे बोलीभाषेत झालं. आदेशाची भाषा वेगळी असते."

सचिवांना पुढच्या बैठकीला जायचं होतं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "राहू द्या हो. मराठीच आहे ना? कळेल लोकांना." आणि एकही 'शक्यतो' न लागता वाक्य मंजूर झालं. त्या दिवशी मसुदेबाई घरी गेल्या त्या जवळजवळ तरंगतच. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "हे तर मीच म्हणते की! याला सरकार कशाला लागतं?" पण खूश झाली. शेजारीपाजारी सांगत सुटली, माझ्या लेकीनं लिहिलंय म्हणून.

धोरण वरून खाली यायला लागलं की त्याचं काय होतं, हे मसुदेबाईंना कळायला हवं होतं. इतकी वर्षं काय गवत उपटत होत्या? खात्यानं धोरण संचालनालयाला पाठवलं. संचालनालयानं त्याचं परिपत्रक केलं. विभागानं परिपत्रकाचा गोषवारा केला, आणि गोषवारा म्हटला की शब्द कमी करायचे, म्हणून 'नागरिकांना बसवू नये' एवढंच उरलं. मग तपासणीचे निकष ठरले. 'भेटीच्या वेळी एकही नागरिक बसलेला आढळू नये.' खालच्या कचेऱ्यांनी डोकं खाजवलं. माणसं तर येणारच. ती आली की बसणारच. मग कुठल्यातरी अतिशहाण्याला तोड सुचली. बाकडीच काढून टाकली तर?

मसुदेबाईंना हे कळलं ते प्रगती अहवालातल्या फोटोंवरून. 'पूर्वी' या फोटोत बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. 'आता' या फोटोत तीच माणसं भिंतीला टेकून, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. खाली लिहिलं होतं, 'उद्दिष्ट पूर्णतः साध्य.' त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग तो पालथा घालून ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून बसल्या.

तेवढ्यात बाहेर धडाधड आवाज झाला. कचेऱ्यांनी काढलेली बाकडी खात्याच्या कोठारात मावेनात, म्हणून ती आता मसुदेबाईंच्याच मजल्यावर व्हरांड्यात आणून रचत होते. दुपारी कारकून त्यांच्यावर बसून डबे खाऊ लागले. "या ना बाई, बसा," शिपाई आग्रहानं म्हणाला, "चांगली मजबूत आहेत." मसुदेबाईंच्या डोळ्यांत जाळ उतरला, पण शिपायाला तो दिसला नाही.

त्यांना खरी धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. आईच्या हयातीची तारीख जवळ आली होती, आणि आईच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. जमिनीवर बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, आणि पडलात तर पुन्हा आमच्याकडे येऊ नका, अशी डॉक्टरांची तंबी होती. म्हणजे खुर्ची नाहीतर बाक, तिसरं काही नाही. आणि बाक तर तिच्याच लेकीच्या वाक्यानं खाल्ला होता.

त्या तडक सचिवांकडे गेल्या.

"सर, याचा अर्थ ताटकळत ठेवू नये असा आहे. बसायला देऊ नये असा नाही."

"मला कळतो हो अर्थ. मराठी मलाही येतं."

"मग बाक परत द्यायला सांगा ना!"

"असं कसं सांगू? आपलं हे एकमेव धोरण आहे ज्याची अंमलबजावणी झाली. उत्कृष्ट उपक्रमासाठी वर नाव गेलंय. आता बाक परत ठेवा म्हटलं, तर धोरण चुकलं असं होईल."

"चुकलंच आहे, सर."

"चुकलं असेल. पण राबवलं उत्तम." सचिवांनी एवढ्या शांतपणे सांगितलं की मसुदेबाईंना समोरचा पेपरवेट फेकावासा वाटला.

स्वल्पविराम मदतीला आले. म्हणजे त्यांच्या मते मदतीला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, व्याख्या करा. आता दुरुस्ती काढू. 'नागरिकांना उभे करू नये' असं घालू."

"अहो, मग त्यांना दारातसुद्धा उभं करणार नाहीत!"

"हं," स्वल्पविराम विचारात पडले. "तसाही अर्थ निघतो खरा. मग समिती नेमावी लागेल."

मसुदेबाईंनी आईबरोबर जायला तिच्या तारखेच्या दिवशीची रजा टाकली. ती नामंजूर झाली, कारण त्याच दिवशी पाहुण्या अधिकाऱ्यांपुढे या यशस्वी धोरणाचं सादरीकरण होतं आणि ते करणार कोण, तर मसुदेबाई. आईला त्या म्हणाल्या, "चार दिवस थांब, मी येते बरोबर." आई म्हणाली, "चार दिवसांत मेले तर? त्यांना काय तोंड दाखवू?" आणि काठी घेऊन एकटीच गेली.

सादरीकरण ऐन भरात असताना फोन थरथरला. आईच्या फोनवरून कचेरीतला पहारेकरी बोलत होता. "मॅडम, तुमच्या मातोश्री इथं साहेबांच्या खुर्चीत बसल्यात. उठतच नाहीत हो. तुम्ही याल का?"

मसुदेबाई पाहुण्यांना 'आलेच' म्हणाल्या आणि मिळेल ती गाडी पकडून निघाल्या. वाटेत जीव थाऱ्यावर नव्हता. पडली असेल, पाय सरकला असेल, काय काय मनात येत होतं. आणि प्रत्येक विचाराच्या शेवटी तेच एक वाक्य फणा काढून उभं.

कचेरीच्या दालनात फरशीवर बाक उखडल्याच्या खुणा होत्या, चार चार भोकं ओळीनं. भिंतीवर जिथं पूर्वी पाठी टेकायच्या तिथं तेलकट पट्टा होता, आता त्याच्या वर खांद्यांचा नवा पट्टा उमटत होता. एक म्हातारा खिडकीच्या गजाला धरून उभा होता. एका बाईनं झोपलेलं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. काउंटरवर मोठ्या अक्षरांत पाटी: 'धोरणानुसार नागरिकांना बसवू नये.' आणि काउंटरपलीकडे, गोल फिरणाऱ्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी ठेवून, आई.

"आई! बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? बसलेय." आईनं काठीनं पाटी दाखवली. "याला कधीची सांगतेय, नीट वाच. बसवू नये म्हटलंय. मला कुणी बसवलंय का? माझी मी बसले."

पहारेकरी घाम पुसत म्हणाला, "मॅडम, मी सांगून दमलो. आता तर लोकांनी रांग लावलीय."

खरंच रांग होती. खुर्चीत माणूस दिसल्याबरोबर लोक सवयीनं पुढे सरकले होते. एकानं खिडकीतून आपली कागदं आत ढकलली. आईनं ती परत दिली. "बाबा रे, माझंच अजून ठरायचंय, मी आहे का नाही ते."

तेवढ्यात साहेब आले. सकाळपासून ते कुठं होते, ते हातातल्या पुष्पगुच्छावरून कळत होतं. बाक सर्वांत आधी काढल्याबद्दल त्यांचा सत्कार होता.

"आजी, उठा. ती माझी खुर्ची आहे."

"माहीत आहे. सकाळपासून बघतेय ना, रिकामीच होती."

"आजी, मला काम करायचंय."

"मग कर की. आधी मी जिवंत आहे असं लिही, मी लगेच उठते."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. दुसरी खुर्ची नव्हती. एक होती तीसुद्धा धोरणात गेली होती. शेवटी पुष्पगुच्छ पहारेकऱ्याच्या हातात देऊन ते काउंटरवर वाकले आणि उभ्या उभ्याच नोंद करायला लागले. कंबरेवर हात ठेवून एकदा कण्हले. एक चहा पिऊन व्हावा एवढ्या वेळात काम झालं.

"एवढाच वेळ लागतो होय?" आई म्हणाली.

साहेबांचा मात्र आता तोल गेला. ते मसुदेबाईंकडे वळले. "तुम्हीच सांगा, मॅडम. आम्हाला हौस आहे का बाकडी काढायची? असली धोरणं काढतं कोण? वर बसून काहीही खरडतात, आणि निस्तरायचं आम्ही!"

एवढ्या वर्षांत इतकी लाज मसुदेबाईंना कधी वाटली नव्हती. आणि रागही, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. सगळे आपापल्या परीनं बरोबर होते. तेच तर असह्य होतं.

आई काठी टेकत हळूहळू उठली. "ते लिहिणारी माझीच लेक आहे," ती साहेबांना म्हणाली. "तिच्याकडे मी घरी बघते."

घरी पोचल्यावर आई आधी खुर्चीत टेकली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "माझंच होतं ना गं ते वाक्य?"

"हो."

"मग त्यातलं 'ठेवू' कुणी काढलं?"

"कुणी नाही काढलं, आई. गळलं." मसुदेबाईंनी डोळे पुसले. "सरकारात काढत कुणीच नाही. गळतं."

आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको. तुझ्या सरकारला मराठी कळत नाही, तर त्याला कळेल त्या भाषेत सांग."

दुसऱ्या दिवशी मसुदेबाई व्हरांड्यातल्या बाकड्यांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि ज्या भाषेशी जन्मभर भांडल्या त्या भाषेत लिहायला बसल्या. 'वापरातून वगळण्यात आलेल्या बैठक सामग्रीचे निर्लेखन करणेबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत, जागेच्या अनुपलब्धतेस्तव, सदर सामग्रीची अधीनस्थ कार्यालयांच्या दर्शनी दालनांत भिंतीलगत तात्पुरत्या स्वरूपात साठवणूक करण्यात यावी. सदर सामग्री एकावर एक रचण्यात येऊ नये.' शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

सचिवांनी न वाचता सही केली. स्वल्पविरामांनी वाचून केली आणि कौतुकानं मान डोलावली. "आता कसं! याला म्हणतात आदेशाची भाषा. कुठं बोट ठेवायला जागा नाही." समिती लागली नाही, चर्चा लागली नाही, एकही शब्द गळला नाही. धोरण जसंच्या तसं यशस्वी राहिलं आणि बाकडी ट्रकात चढून परत कचेऱ्यांकडे निघाली.

पुढच्या वर्षी आईची तारीख आली. मसुदेबाई दिवसभर कामात होत्या, पण लक्ष फोनकडे. फोन आला नाही. त्या घरी पोचल्या तरी आई आलेली नव्हती. दिवेलागणीला जिन्यात काठीचा आवाज आला.

"बसायला मिळालं?" त्यांनी दारातच विचारलं.

"मिळालं की. बाकावर पाटी लावलीय, 'अडगळीचे सामान, हात लावू नये.' पहारेकरी म्हणाला, आजी, ही अडगळ आहे. म्हटलं, मग मी वेगळी कोण? सरक तिकडे." आईनं एक चप्पल काढली, मग दुसरी. "सगळेच बसले होते अडगळीवर. चांगल्या गप्पा झाल्या."

"आणि काम? ते लवकर झालं का?"

"छे गं! कसलं लवकर?" आई समाधानानं पाय लांब करत म्हणाली. "दिवसभर बसवून ठेवलं मेल्यांनी."