दादाची शेवटची चकती

आधीच्या अकरा चकत्या रद्दबातल करून दादाने ही बारावी वाढवली होती. निर्वात यंत्रात अणूंचा एकेक थर चढवायचा. खाली आरसा, वर आरसा, आणि मधे प्रकाश कोंडून ठेवणारी इवलीशी पोकळी. तिथे प्रकाश आणि पदार्थ इतके एकजीव होतात की दोघांचा मिळून एक कण बनतो. नुसत्या प्रकाशाचे किरण एकमेकांतून ओळखही न दाखवता निघून जातात. हे कण मात्र एकमेकांना ढकलतात, पण अगदी नावापुरतं. चकतीला विजेचा दाब दिला तर ही ढकलाढकली हवी तेवढी वाढवता येईल, असं दादाचं म्हणणं होतं.

चकती वाढवायची त्याने, मोजायची मी, त्याच्या धाकट्या बहिणीने. तो मला तपासनीस म्हणायचा, कारण चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. माझा हा गुण आमच्या घरात कुणालाच फारसा आवडत नसे.

चकती माझ्या हातात आली आणि दादाने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दोन महिने म्हणाले. या दोन महिन्यांत दादाला एवढंच कळायला हवं होतं, की आपली चकती चालते का.

हेलियमच्या थंडीत चकती उतरवायची, लेझर सोडायचा आणि दाब हळूहळू वाढवायचा. पडद्यावर कणांची ऊर्जा दाखवणारी रेघ सरकायला हवी होती. ती ढिम्म हलली नाही. सात वेळा चकती थंड केली, सातही वेळा तेच. मी रोज त्याच्या उशाशी बसून आकडे सांगायचे. घोडं कुठे पेंड खातंय ते बघ, तारा तपास, असं तो म्हणाला तेव्हा मी फणकारले. झाकण लावण्याआधी आणि उघडल्यावर, दोन्ही वेळा मी मीटर लावूनच बघत होते. शिवाय दाब दिल्यावरही चकतीतून वाहणारा प्रवाह शून्य दिसत होता. तुझ्या चकतीतून काही गळतच नाही, एवढी ती चोख आहे, असं मीच त्याला ऐकवलं.



"मग मधला थर दोन अणूंनी जाड पडला," तो म्हणाला. "हात गेला माझा."

त्या दिवशी वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"त्याला सांग, रेघ हलली म्हणून."

"खोटं सांगू?"

"तो काय आता तपासायला येणारे?"

मी साफ नाही म्हटलं. ज्या माणसाने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याच्याशी मी शेवटी खोटं बोलणार नाही, असं तोंड वर करून सांगितलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. वहिनी भांडी विसळू लागली. त्यानंतर नवव्या दिवशी दादा गेला.

तीन आठवड्यांनी मी प्रयोगशाळेत गेले. घरी बसून रडण्यापेक्षा हाताला काम बरं, म्हणून चकती पुन्हा थंड करायला घेतली. लक्ष ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे तारांना लावलेलं मीटर काढायचं राहून गेलं. तापमान अर्ध्यावर उतरलं आणि मीटर जोड तुटल्याचं दाखवू लागलं. पुन्हा ऊब दिली, जोड आला. पुन्हा थंड केली, गेला.

चांदीच्या लेपाने चिकटवलेली तार थंडीत आक्रसून सुटत होती आणि ऊब मिळाली की परत टेकत होती. मी दर वेळी उबेतच तपासत होते. दाब चकतीपर्यंत एकदाही पोचला नव्हता. गळणार काय, कप्पाळ!

तारेला ढील देऊन सांधा नव्याने केला. दाब दिला मात्र, रेघ सरकली. लेझरचा उजेड वाढवला तशी आणखी वर चढली; कण एकमेकांना आधीच्या आठपट जोराने ढकलत होते. दादाने मांडलेल्या गणितात हेच होतं. त्याचा थर एका अणूनेही चुकला नव्हता. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले.

दुपारीच वहिनीकडे गेले. ती त्याचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होती. मी काही लपवलं नाही. तार, मीटर, माझा फणकारा, सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिने हातातला शर्ट मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी सांग म्हणत होते, तेच खरं होतं."

"हो."

"आणि तू त्याला सांगितलंस ते खोटं."

"हो, वहिनी," मी म्हटलं.

तिने पुढचा शर्ट घेतला.