नळीतला खालचा थर

"भावोजी, ताईच्या त्या काचेच्या नळीत खाली गाळ बसला होता. मी हलवून नीट करून ठेवली," मेहुणी म्हणाली, आणि त्याच्या हातातला पेला हातातच राहिला.

मेहुणी औषधांच्या दुकानात बसायची. बाटलीच्या तळाशी काही दिसलं की तिचा हात आपोआप चालायचा. बहिणीची प्रयोगशाळेतली खोली रिकामी करून द्यायची होती, म्हणून बिचारी मदतीला आली होती.

"किती हलवलीस?"

"चांगली खळखळून. का हो, चुकलं का?"

बायकोने आजारी पडण्याआधी भरलेली ती शेवटची नळी होती. दुधातलं एक प्रथिन आंबट पाण्यात बराच वेळ तापवलं की त्याचे लांब, ताठ तंतू होतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. थोडे असले तर पाण्यात वाटेल तसे आडवेतिडवे पडतात. दाटी वाढली की तसं राहणं त्यांना जमत नाही. मग बरेचसे एका दिशेने होतात आणि त्यांचा वेगळा थर खाली बसतो. बायको तंतू करायची, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दोघांचं सगळं आयुष्य यातच गेलं.

ही नळी तिने मुद्दाम पातळ भरली होती. "एवढ्या पातळात थर पडणार नाही," तो म्हणाला होता. "माझे तंतू लांब आहेत. पडेल. हरलास तर वर्षभर काचभांडी तू घासायचीस," ती म्हणाली होती. मग दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. ती गेल्यावर नळी बघायला त्याचा जीव धजावला नाही. बघितलं असतं तर पैज संपली असती.

"म्हणजे तो गाळ नव्हता?" मेहुणीने विचारलं.

"थर असेल, नाहीतर कचरा. आता काय सांगू? खळखळून हलवलं की तंतू तुटतात. आखूड तंतूंना जास्त दाटी लागते. तुटले असतील तर थर पडायचाच नाही."

मेहुणीचे डोळे भरले. "ताईने मला फाडून खाल्लं असतं."

"तुला कशाला? मला खाल्लं असतं. नळीवर चिठ्ठी लावली नाही म्हणून."

त्याने उजेड गाळणाऱ्या दोन काळसर पट्ट्या काढल्या. एकीमागे एक, एक उभी, एक आडवी धरली की पलीकडचा उजेड अडतो. मधल्या द्रवात तंतू एका दिशेने असतील तिथूनच तो येतो. नळी मध्ये धरली. काळोख. तिरीपसुद्धा नाही.

"किती थांबायचं?"

"ती म्हणायची, नळीला घाई नसते."

मग दोघं कपाटं आवरत बसली. त्याच्या स्वतःच्या खणात तुटका कंगवा आणि त्याचाच हरवलेला चष्मा निघाला. "बघा, हरवल्याचा आळ माझ्या ताईवर होता ना?" मेहुणी म्हणाली. "होता," तो म्हणाला.

दुपारी त्याने भिंग लावून पुन्हा पाहिलं. काळोखात बारीक उजळ दाणे तरंगत होते, जिऱ्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते.

"अगं, ये इकडे."

मेहुणीने डोळा लावला. "हे काय हो?"

"एका दिशेने झालेले तंतू. एकेका दाण्यात असंख्य. हे जुळत जातील आणि खाली बसतील."

"त्यांना असं रांगेत आवडतं?"

"आवडीचं नाही. सगळे एका दिशेने झाले की प्रत्येकाला हलायला जागा मिळते. आमचं स्वयंपाकघर केवढंसं! दोघं ओट्याकडे तोंड करून उभे राहिलो की कोपर लागत नसे." आता त्या घरात जागाच जागा होती.

खोली सोपवायच्या दिवशी पट्ट्यांमधून नळीच्या तळाशी नखाएवढा उजळ थर दिसला. वर काळोख आणि मध्ये सरळ रेघ.

"हरलो," तो म्हणाला आणि बाह्या दुमडून मोरीपाशी गेला. "तो ब्रश दे."

"राहू द्या, मी घासते. आणि ही भांडी आता शेजारच्या खोलीत जाणार आहेत."

"मग वर्षभर तिथे जाऊन घासेन," तो म्हणाला आणि त्याने नळ सोडला.