एप्रनची आतली बाजू

वकीलबाईंनी ‘बसा’ म्हटलं तरी मौनी बसला नाही. त्याने समोरची खुर्ची आधी हळूच आडवी केली, बुडाखाली हात घालून चाचपली, पुन्हा सरळ केली आणि मग तिच्या अगदी कडेवर टेकला.

"पट्टा तुटलाय मॅडम. मधोमध बसलं तर माणूस खाली जाईल."

"बरीच वर्षं बसतायत लोक, अजून कुणी गेलेलं नाही." वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आपण तुमच्या नोकरीचं बोलू या. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवंय. तो बिल्ला माझा आहे, आणि ते माझं मत आहे. बास."

"पण तो माझा नाही."

चष्मा परत नाकावर आला.

"हे तुम्ही आज सांगताय?"

"आज विचारलंत."

ते मात्र खरं होतं. कामावरून काढल्यापासून त्याच्याशी सगळेच बोलत होते, पण विचारलं कुणीच काही नव्हतं. युनियनवाल्यांनी पाठ थोपटली होती, शेजाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली होती, मेहुण्याने फोनवरून चांगलं झापलं होतं. मौनीने सगळ्यांचं सारख्याच चेहऱ्याने ऐकून घेतलं.

मौनी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो सोफे करायचा, आणि जुन्या पद्धतीने करायचा. तोंडात मूठभर बारीक खिळे धरायचा, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकाने ओठांवरून उचलायचा आणि ठोकायचा. बाकीचे कारागीर कधीच पिनगनवर गेले होते आणि काम करता करता पोटभर गप्पा मारत होते. हा आपला तोंड भरून बसलेला. दिवसभर असा गप्प राहिल्यामुळे कारखान्यात त्याचं मत कुणी विचारत नसे, आणि आपल्याला एखादं मत असेल याची त्यालाही फारशी आठवण राहिली नव्हती.

"मग घातलात कशाला?" वकीलबाईंनी विचारलं.

त्याने सांगायला सुरुवात केली. त्या कारखान्यात एप्रन कुणाच्या मालकीचा नसे. आठवड्याच्या शेवटी सगळे धुवायला जायचे, सोमवारी त्यांचा ढीग दाराशी पडायचा, आणि हाताला येईल तो ज्याने त्याने गळ्यात अडकवायचा. नियम एकच होता, नव्या माणसांना तो मौनीच शिकवायचा: फिकट कापडाला हात लावण्याआधी एप्रन उलटा करून घालायचा. बाहेरच्या बाजूला डिंक आणि ग्रीस चिकटून चिकटून असं बसलेलं असतं की धुऊनही जात नाही. आतली बाजू स्वच्छ.

त्या सोमवारी कापड हस्तिदंती रंगाचं होतं आणि सोफा नगराध्यक्षांचा होता. मौनीने एप्रन उलटा केला, घातला आणि कामाला लागला. कुणीतरी त्या एप्रनच्या आतल्या बाजूला, बरोबर छातीशी, कापडाचा बिल्ला शिवून ठेवलेला होता. पिवळ्या गोलात निळा पूल. म्हणजे पूलवाल्यांचा, नगराध्यक्षांना खुर्चीवरून खाली खेचायला निघालेल्या पक्षाचा. जो कोण होता तो तोंड लपवून त्या पक्षात होता; एप्रन कुणाचाच नाही, म्हणजे बिल्ला कुणाचा तेही कळणार नव्हतं. मौनीला बिल्ला दिसलाच नाही. स्वतःच्या छातीवर काय आहे ते बघायला मान खाली घालावी लागते. त्याची मान खालीच होती, पण सोफ्यात.

आणि दुपारी नगराध्यक्ष स्वतः सोफा बघायला आले.

"धाकट्या मालकांनी माझ्या छातीवर बोट ठेवलं," मौनी म्हणाला. "म्हणाले, काढ ते. आत्ताच्या आत्ता. मी मान हलवली."

"का?"

"तोंडात खिळे होते. थांबा, बोलता येत नाही, असं सांगायला मी मान हलवतो. कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. धाकटे मालक फारसे येत नाहीत तिकडे."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्या हसतायत की वैतागल्यात, ते मौनीला नीट कळलं नाही.

"ऐका," त्या म्हणाल्या. "एखाद्याचं राजकीय मत आवडलं नाही म्हणून त्याला कामावरून काढता येत नाही. आपली सगळी केस त्यावर उभी आहे. बिल्ला तुमचा नाही म्हणालात, तर कंपनी म्हणेल की मताचा प्रश्नच नाही, वरिष्ठांचा हुकूम मोडला म्हणून काढला. आणि लगेच पुढचा प्रश्न येईल, मग कुणाचा? तो सापडला की तोही जाईल. कुणाचा आहे, माहितेय?"

"नाही." हे मात्र त्याने अगदी मनापासून सांगितलं. घरी बसल्या बसल्या त्याने एकेक चेहरा आठवून पाहिला होता. कुणाच्याच तोंडावर पूल दिसेना.

एक गोष्ट त्याने वकीलबाईंना सांगितली नाही. पहिल्यांदा मान हलवल्यावर त्याने खिळे तळहातावर काढले होते. खाली बघितलं होतं, बिल्ला पाहिला होता. ‘हा माझा नाही मालक’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? धाकट्या मालकांचं बोट अजून तिथंच होतं. त्यांनी ते नुसतं टेकवलं नव्हतं, दाबलं होतं, नासकं फळ दाबून बघतात तसं. आणि तोंड रिकामं असताना, सगळं कळत असताना, मौनीने पुन्हा एकदा मान हलवली होती. ती का, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. जे आपल्यालाच कळलेलं नाही ते वकिलाला काय सांगणार?

घरी आला तर पूलवाले येऊन बसले होते. बायको दारातच डोळ्यांनी खुणावत होती. दोघं पुरुष आणि एक तरुण मुलगी, तिघंही त्याला बघून उठून उभे राहिले. आपल्यासाठी कुणी उठून उभं राहावं याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तोही बसला नाही, आणि सगळेच थोडा वेळ उभे राहिले.

"तुमच्यासारखे निष्ठावंत आहेत म्हणून आम्ही आहोत, काका," मुलगी म्हणाली. "किती वर्षं आहात आपल्यात?"

"वर्षं नाही. एक दिवस. तोही दुपारपर्यंत."

तिघं खळखळून हसले. फोटो काढले गेले. फोटोत मौनीने मूठ वर करावी असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याने केली, पण त्याची मूठ हातोडी धरल्यासारखीच झाली. ते गेल्यावर बायकोने दार लावलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, गेल्या निवडणुकीला तुम्ही मतदानाला गेलाच नव्हतात. पाठ दुखतेय म्हणून दिवसभर लोळत होतात."

"हो ना."

"मग हे काय चाललंय? सरळ सांगून टाका की माझा नाही. माफी मागा. धाकटे मालक तापट आहेत, पण थोरल्यांना डोळे आहेत. घेतील परत."

"सांगितलं तर ज्याचा आहे त्याला शोधतील."

"शोधू देत! तो येतोय का तुमच्यासाठी पुढे?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "या वयात हाताने खिळे ठोकणाऱ्याला कोण ठेवून घेणार आहे हो? पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. तुम्हाला भीती नाही वाटत?"

त्याला भीती वाटत होती. त्याने तसं सांगितलंही. तेव्हा ती त्याच्याजवळ येऊन बसली, आणि मग दोघांनाही भीती वाटत राहिली.

"तिनगाठ्या तरी येऊन गेला का?" तिने नंतर विचारलं.

"नाही."

तिनगाठ्या म्हणजे शेजारच्या पाटावरचा कारागीर. दोघं बरोबरच या कारखान्यात लागले, बरोबरच जेवायचे. अतिशय जपून चालणारा माणूस. एका गाठीवर त्याचा आयुष्यात कधी भरवसा बसला नाही. स्प्रिंगला, सुतळीला, डब्याच्या पिशवीला, बुटाच्या नाडीला, सगळीकडे तीन. पिशवी सोडेपर्यंत मौनीचं अर्धं जेवण व्हायचं. अशा माणसाने काढून टाकलेल्याच्या घरी येऊ नये, हे मौनीला पटत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

सुनावणीची खोली लहानशी होती आणि पंखा आवाज करत होता. कामगार अधिकारी साहेब टेबलामागे, एका बाजूला वकीलबाई आणि मौनी, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि धाकटे मालक. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तो एप्रन ठेवलेला होता. कंपनीने पहिला साक्षीदार बोलावला, आणि दारातून तिनगाठ्या आत आला. डब्याची पिशवी त्याने छातीशी धरली होती.

मौनीला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. हा आपल्या बाजूने बोलायला आला असणार, खुर्ची तेवढी चुकलेली दिसते.

"हे गृहस्थ कामाच्या वेळात राजकारणावर बोलायचे?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"हो साहेब," तिनगाठ्या टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाला. "सारखं बोलायचे. पूलवाल्यांचं."

वकीलबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. मौनी आ वासून बघत राहिला. हा माणूस, ज्याने त्याला वर्षानुवर्षं तोंडात खिळे धरून बसलेलं पाहिलं, तो सांगत होता की मौनी सारखा बोलायचा! रागवावं की हसावं, हेच त्याला कळेना. तिनगाठ्या आणखी दोन प्रश्नांना ‘हो’ म्हणाला आणि मान वर न करता बाहेर गेला.

मग एप्रन मौनीच्या हातात देण्यात आला.

"बिल्ला बघा. हा तुमचा आहे का?"

मौनीने एप्रन पिशवीतून काढला आणि सवयीने आधी उलटा केला. त्या दिवशी त्याने बिल्ला वरून, हनुवटीखालून पाहिला होता. आता तो पहिल्यांदाच समोरून बघत होता. शिवण बारीक होती, सोफ्याच्या जाड दोऱ्याची, सारख्या अंतराने घातलेली, कारागिराचाच हात. शेवट कुठे केलाय ते बघायला त्याने बिल्ल्याची कड अंगठ्याने किंचित उचलली. दोरा तिथं संपत होता. एक गाठ, तिच्यावर एक, तिच्यावर आणखी एक.

त्याने अंगठा तसाच ठेवला. पंखा फिरत होता. दारापलीकडच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला, आणि ते खाकरणंही त्याच्या ओळखीचं होतं.

"प्रश्न कळला ना?" साहेबांनी विचारलं.

"कळला साहेब." मौनीने बिल्ल्याची कड खाली दाबून सारखी केली. "त्या दिवशी माझ्या छातीवर होता. म्हणजे माझाच."

वकीलबाईंनी श्वास सोडला. कंपनीचे वकील मात्र हसले.

"असं? मग तुमच्या या पक्षाची एखादी मागणी सांगा बघू. एकच."

मौनीने आठवून पाहिलं. पूल कुठे बांधायचाय, तेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

"नाही येत सांगता."

"बघा साहेब! कामाच्या वेळात नुसती बडबड, मत-बित काही नाही. निव्वळ उद्धटपणा. काढ म्हटल्यावर मान हलवली."

"तोंडात खिळे होते, असं तुमच्या अर्जात आहे," साहेब मौनीकडे वळले.

"पहिल्यांदा होते." त्याने थांबून वकीलबाईंकडे बघितलं. हे त्यांना नवीन होतं, त्यांचा चेहरा सांगत होता. "दुसऱ्यांदा नव्हते. दुसऱ्यांदा मी नाहीच म्हणालो."

"का?"

इतके दिवस हाच प्रश्न त्याच्या डोक्यात घुमत होता. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, जिथं धाकट्या मालकांनी ठेवलं होतं तिथं, आणि दाबून बघितलं.

"असं बोट दाबून कुणी काढ म्हणालं, तर काढू नये. असं मला वाटतं. ज्याचं कुणाचं असेल, जे काही असेल, ते काढू नये." तो घुटमळला. "हे राजकीय आहे की काय आहे, ते मला माहीत नाही साहेब. तुम्ही बघा."

धाकटे मालक काहीतरी बोलायला गेले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, "दहा मिनिटं थांबा बाहेर."

बाहेर बाकावर तिनगाठ्या एकटाच बसला होता. पिशवी मांडीवर होती आणि तिच्या तोंडाशी त्याची बोटं चाळवत होती, पण गाठी सुटत नव्हत्या. मौनी त्याच्याशेजारी टेकला. बसण्याआधी त्याने बाक काही तपासला नाही. कारखान्यातल्यासारखेच दोघं शेजारी शेजारी बसले.

"पोरं लहान आहेत रे अजून," तिनगाठ्या खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांनी बोलावून घेतलं, समोर बसवलं. मी काय करणार होतो?"

मौनीने मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिनगाठ्याला कळलं नसावं; मौनीलाही कळलं नव्हतं.

"काय विचारलं आत?" तिनगाठ्याने विचारलं. "बिल्ल्याचं काय सांगितलंस?"

"माझा म्हणालो."

तिनगाठ्याचे हात थांबले.

"चांगला शिवलाय," मौनी म्हणाला. "पण एक गाठ पुरली असती."

खोलीचं दार उघडून शिपायाने मौनीचं नाव पुकारलं. मौनी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला, तोवर तिनगाठ्या उठला होता. तो मौनीच्या पुढून, शिपायाला बाजूला सारून, आत गेला. त्याची डब्याची पिशवी बाकावरच राहिली.