लार्योचा खडक

आमच्या किनाऱ्यावर खडकाला माणसाचं नाव पडतं. ज्याची होडी त्या खडकाने खाल्ली, त्याचं. माणूस मेलेला असला तर त्याला काही ऐकू येत नाही. माझा नवरा जिवंत होता आणि बावीस वर्षं रोज सकाळी जाळी विणत ऐकत होता, "लार्योला उजव्या हाताला ठेव रे, नाहीतर घरी पोहत येशील." वर हसणं. मी दारातून शिव्या द्यायचे. तो म्हणायचा, "पासिता, पोरांना खडक कळतोय ना, मग झालं."

झालं कसं? लार्योला या पाण्यातला प्रत्येक खडक ठाऊक होता. हा खडक ओहोटीलाही उघडा पडत नाही, कमरेइतक्या पाण्याखाली दबा धरून बसतो. येताना किनाऱ्याला समांतर जात राहायचं. चर्चचा मनोरा टेकडीवरच्या जंगली बदामाच्या बरोबर खाली आला की मगच नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, घराकडे फिरवायची. लार्यो हे इतरांना शिकवायचा, आणि खडकाला नाव पडलं त्याचं.

त्या दिवशी सुकाणू त्याच्या हातात नव्हतंच. ते माझ्या धाकट्या दिराच्या, नेस्तोरच्या हातात होतं. दुपारी मुलीकडे मागणी घालायला जायचं होतं, म्हणून नवरदेवाला घाई. लार्यो जाळं सोडवत बसला होता. "मनोरा अजून आला नाही, थांब," असं ओरडला, तोवर नेस्तोरने नाळ फिरवली होती. माझ्या सासऱ्यांनी दोघा भावांना मिळून दिलेली नवी होडी मधोमध चिरली आणि एका बाजूची उलांडी, होडीला तोलून धरणारा बांबू, मोडून वाहून गेली. दोघे पोहत आले.

ओल्या कपड्यांनीच नेस्तोरने माझ्या नवऱ्याचे पाय धरले. "मानोय, तिचा बाप होड्या बांधतो. घरची होडी फोडणाऱ्याला तो मुलगी देईल का? लग्न होईपर्यंत तुझं नाव सांग. नंतर मी स्वतः सगळ्यांना खरं सांगीन." थोरल्या भावाला आम्ही मानोय म्हणतो, थोरल्या बाईला मानांग. मानोय ऐकलं की लार्यो विरघळतो. मी तिथेच उभी होते. मी नको म्हटलं. माझं कोण ऐकतं?

लग्न झालं, नेस्तोरच्या सासऱ्याने जावयाला नवी होडी बांधून दिली. माझ्या नवऱ्याच्या हातात त्यानंतर कोणी सुकाणू दिलं नाही. दुसऱ्यांची जाळी ओढ, होड्यांतलं पाणी उपस, एवढंच. दर वर्षी गावच्या जत्रेला मी नेस्तोरला गाठायचे.

"काय भाऊजी, या वर्षी सांगणार का?"

"मानांग, पुढच्या वर्षी नक्की. आता पोरगी लहान आहे."

मग पोरगी शाळेत गेली, मग गावप्रमुखाची निवडणूक आली, मग तो निवडून आला. दर वर्षी तोंडात मिठाची गुळणी. आणि लार्यो मलाच सांगायचा, जाऊ दे.

यंदा मत्स्य खात्याची एक बाई आली. तिने चार दिवस बुड्या मारल्या आणि चर्चच्या अंगणात गाव गोळा केला. म्हणाली, सगळ्या किनाऱ्यावर मासे संपत आले, पण लार्योच्या खडकाभोवती झुंबड आहे. हातभर मासे आहेत, प्रवाळ जिवंत आहे. बावीस वर्षं भीतीने तिथे कोणी जाळं टाकलं नाही, नांगर टाकला नाही. आता तिथे राखीव पाणी करायचं, खूण म्हणून मोठं पिंप तरंगत ठेवायचं आणि नकाशावर खडकाचं नाव घालायचं.

"हे लार्यो कोण? हयात आहेत का?"

लोकांनी त्याला मागच्या रांगेतून ढकलत पुढे आणलं. बाईने त्याचा हात हातात घेतला. "पिंप बसवायला सगळ्या होड्या जातील. पहिल्या होडीचं सुकाणू तुम्ही धरायचं."

घरी आल्यावर तो जेवला नाही. हात खोबरेल लावून चोळत बसला, पांढरा सदरा दोनदा धुवायला लावला. रोज संध्याकाळी टेकडीखाली जाऊन बदाम जागेवर आहे का बघून यायचा. बावीस वर्षांत मी त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं, ती ऐकली. मला वाटलं, चला, देवाला उशिरा का होईना जाग आली.

पिंप बसवायच्या आदल्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, नेस्तोर उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "माझ्या मनावर बावीस वर्षं ओझं आहे. होडी माझ्या हातून फुटली. माझ्या भावाने माझ्यासाठी बदनामी सोसली. खडकावर त्याचं नाव राहणं हे पाप आहे. तिथे माझं नाव हवं."

शब्दन् शब्द खरा. हेच ऐकायला मी बावीस वर्षं त्याच्या मागे लागले होते. पाद्रीबाबांनी त्याला मिठी मारली, बायका रडल्या, केवढं हे धैर्य म्हणाल्या. मी उठून म्हटलं, "धैर्य? बदनामी होती तोवर खडक आमचा, आणि मान आला तसा तुझा?" माझ्या जावेने मला खाली बसवलं. "मानांग, खरं सांगितलं तरी तुमचं समाधान नाही का?"

खात्याची बाईही प्रार्थनेला आली होती. तिने लार्योला विचारलं, "हे खरं आहे?"

खोटं बोलणं त्याला एकदाच जमलं होतं. "हो," म्हणाला.

बाहेर सगळे लार्योची पाठ थोपटत होते. मी विचारलं, मग आता तरी कोणी याला सुकाणू देणार का? एकजण हसत म्हणाला, "आता काय मानांग, आता मानोय म्हातारा झाला."

पिंप बसवायच्या दिवशी पहिल्या होडीचं सुकाणू नेस्तोरकडे. फुलांच्या माळा, पाद्रीबाबा, खात्याची बाई. लार्योला नाळेवर बसवलं होतं, कारण मी सांगते, नेस्तोरला तो खडक आजही सापडत नाही. वाऱ्याने पाणी गढूळ झालं होतं, तळ दिसत नव्हता. मी मागच्या होडीत होते, हाकेच्या अंतरावर.

नेस्तोरने इंजिन मंद केलं. हळूच विचारलं, "मानोय, कुठे आहे?"

लार्योने मागे वळून मनोरा पाहिला, बदाम पाहिला. मग खाली पाण्याकडे पाहिलं. मी गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि पापाची पर्वा न करता मनात म्हटलं, एकदा, आयुष्यात एकदाच चुकीचं सांग.

त्याने हात वर केला. "डावीकडे घे," म्हणाला. "आणखी. आणखी थोडं. आता थांब, नाहीतर लागेल."

होडी थांबली, आणि लोकांनी नेस्तोरसाठी टाळ्या वाजवल्या.